मोडलेला भाग घरी कसा ओतावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय ‘टाकाऊ वस्तूंचा उपयोग’ हा होता. त्यांच्या परवानगीने मी तो थोडा बदलून घेतला आहे. टाकाऊ वस्तूची फुलदाणी करण्यापेक्षा मुळात ती टाकाऊ होऊच नये, यात मला अधिक रस आहे. घरातले यंत्र सहसा सगळेच्या सगळे बिघडत नाही. त्याचे एखादे बटण फुटते, मुठीला तडा जातो, आणि तेवढाच तुकडा बाजारात मिळत नाही म्हणून सारे यंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. असा तुकडा घरी ओतून काढता येतो. तो कसा, ते आज सांगते.

ओतकाम आपल्या नाशिकला काही नवे नाही. भांडीबाजारातून जाताना आपण सगळ्याच भांड्यांना एका नावाने ओळखतो. पण त्यांत दोन जाती आहेत. हंडा, घागर, बंब हे तांबट पत्र्यावर हातोडी चालवून घडवतो. घंटा, समई, देवाची मूर्ती हे काम ओताऱ्याचे. ओतारी आधी मेण व राळ यांची वस्तू करतो, तिच्यावर मातीचे लेप चढवतो, ते वाळले की भाजतो. मेण वितळून वाहून जाते आणि आत पोकळी राहते. तीत वितळलेले पितळ ओतायचे, निवल्यावर माती फोडायची, की वस्तू हाती येते. (‘अमुक मुशीतून घडला’ असे लेखक मंडळी लिहितात, पण मुशीत धातू नुसता वितळतो, आकार येतो तो साच्यात!) धातू किती लागेल हे मेणाच्या वजनावरून ठरते, कारण दोघांना जागा तेवढीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मेण तोलून त्याच्या पटीत धातू घेण्याची रीत दिली आहे. त्याहूनही मागे जायचे तर गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, दायमाबादला, 1974 साली बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असे चार भरीव ओतीव पुतळे सापडले. तेव्हा ही विद्या आपल्या नदीच्या खोऱ्यातलीच म्हणायची.

पण पितळ वितळायला नऊशे अंशांच्या वर उष्णता लागते. ते काम ओताऱ्याच्या भट्टीचे, आपल्या गॅसच्या शेगडीचे नव्हे. आपल्याला उपयोगी पडणाऱ्या वस्तू दोन. एक सिलिकॉन रबर. हे दाट पाकासारखे असते आणि त्यात दुसरे द्रव्य मिसळले की काही तासांत घट्ट होते. दुसरी रेझिन, तीही दोन भागांत येते, आणि विस्तवाशिवाय, आपल्या आपणच कडक होते. ओताऱ्याला दर वस्तूमागे साचा फोडावा लागतो. रबराचा साचा वाकवून वस्तू काढता येते, म्हणून एका साच्यातून पुष्कळ नग निघतात.

परदेशात तर हौशी लोक हे काम खेळासाठी करतात. आपल्याकडे मुले फळीवर खिळे ठोकून गोट्यांनी बॅगाटेल खेळत, ते आठवते ना? त्याच खेळातून अमेरिकेत पिनबॉल नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र निघाले. त्यातली मोठी नावे, गॉटलिब 1996 साली आणि विल्यम्स 1999 साली, या धंद्यातून बाहेर पडली. जुनी यंत्रे राहिली, त्यांचे पुष्कळसे सुटे भाग मात्र दुर्मीळ झाले. तेव्हा यंत्रे बाळगणाऱ्यांनी घराच्या पडवीत साचे करून हे तुकडे ओतायला घेतले. खेळासाठी एवढा खटाटोप होत असेल, तर पोटासाठी का होऊ नये?

पोटासाठी म्हणते, कारण आपल्या एक सभासद भगिनी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवतात. त्यांच्या जुन्या मशीनचे टाक्याची लांबी ठरवणारे बटण फुटले. दुरुस्तीवाल्याने सांगितले, भाग येत नाही, मशीन विका. नवे घ्यायचे तर दिवाळीपर्यंतची कमाई त्यातच जाणार. बटणाचे दोन तुकडे त्यांनी सुदैवाने पुडीत बांधून ठेवले होते. ते आम्ही चिकटवले, उडालेला टवका एम-सीलने भरला आणि पॉलिश कागदाने साफ केला. या घासण्यात घाई करू नये. रबर भारी चौकस असते. बोटाचा ठसा राहिला तर तोही उतरवून घेते.

मग पुठ्ठ्याच्या डबीत शाडूची माती बसवून बटण तिच्यात निम्मे दाबले. बाजूला पेन्सिलीच्या टोकाने चार खळगे केले. साच्याचे दोन भाग पुढे बरोबर एकमेकांवर बसावेत म्हणून. वरून रबर ओतले, तेही एका कोपऱ्यातून, बारीक धारेने, म्हणजे बुडबुडे वर येतात. दुसऱ्या दिवशी माती काढून डबी पालथी केली, रबराच्या पृष्ठावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला आणि दुसरी बाजू ओतली. हा हात विसरला की दोन्ही भाग जन्माचे एक होतात. शेवटी रेझिन ओतायला एक वाट आणि हवा निघायला एक, अशा दोन चिरा पाडल्या. रेझिनचे प्रमाण काट्यावर तोलून घ्यावे, अंदाजाने नव्हे. आपला हात स्वयंपाकात कितीही बसलेला असो. बटणाच्या भोकात मशीनचा दांडा फिरतो, तेथे नुसती रेझिन झिजेल, म्हणून पितळी नळीचा तुकडा साच्यातच बसवला. पहिल्या नगात पोकळी राहिली, दुसरा चांगला उतरला. त्यावर मूळ बटणाचे आकडेसुद्धा उमटले आहेत. मशीन चालू आहे.

पावसाळ्यात मात्र पॉलियुरेथेन जातीची रेझिन ओतू नये. हवेतली ओल धरून ती फसफसते आणि आतून जाळीदार होते.

आता काय ओतू नये, ते ऐका. कुकरची सुरक्षा-झडप कधीही नाही. ती ठराविक उष्णतेला वितळेल अशा धातूची असते. तेथे दुसरे काही बसवणे म्हणजे स्वयंपाकघरात स्फोटाला आमंत्रण. गॅसच्या रेग्युलेटरला हात लावू नये. विजेचे प्लग, अन्नाला लागणारे भाग, लहान मुले तोंडात घालतील अशी खेळणी, हेही वर्ज्य. ज्या दातेरी चाकावर भार येतो ते रेझिनचे टिकत नाही. सातपूर-अंबडकडच्या लेथवाल्याकडून धातूचे करून घ्यावे. शिसे वितळण्याचा मोह कोणी धरू नये, त्याचे विष घरभर पसरते. आणि जे दुकानात स्वस्तात मिळते, मिक्सरच्या कपलरसारखे, ते सरळ विकत आणावे. हौसेपायी त्यावर दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

रेझिनचे काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करावे. दम्याचा विकार असेल त्यांनी जवळ बसू नये.

ज्यांच्या घरी जुन्या रेडिओचे बटण, हार्मोनियमची खुंटी किंवा मशीनच्या हातचाकाची मूठ अडून राहिली असेल, त्यांनी पुढच्या बुधवारी दुपारी ती मंडळात आणावी. जोडीतला एक शाबूत असेल तर तोच आणा, फुटक्यापेक्षा त्याचा साचा सोपा. तुकडे असतील तर एकही टाकू नका, आणि कृपा करून घरून चिकटवून आणू नका.