आभाळातला सातबारा



माघ-फाल्गुनात सकाळी दहाच्या सुमाराला आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात गेलात, तर वरून लांबलचक शीळ ऐकू येते. मान वर केली, की सर्पगरुड गिरक्या घेताना दिसतो. पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा ही त्याची खूण. आपल्याला वाटतं, भक्ष्य शोधत असेल. पण साप-सरडे तो बहुधा फांदीवर निवांत बसून हेरतो. मग आभाळात एवढा गाजावाजा कशाला?

तो आपला सातबारा वाचून दाखवत असतो! दाट झाडीत शेजाऱ्याला शेजारी दिसत नाही. म्हणून ऊन तापलं, गरम हवा वर चढू लागली, की तिच्यावर स्वार होऊन तो शेंड्यांच्या वर येतो. शेजारच्या नराला निरोप मिळतो, 'ही जागा धरलेली आहे.' मादीला कळतं, 'मी इथं आहे.' मारामारीत पंख दुखावला तर शिकार बंद. त्यापेक्षा शीळ परवडते.

याच रानात डोक्यामागे लहानसा तुरा असलेला एक बाज राहतो. एरवी झाडीत दडून असणारा हा पक्षी विणीच्या दिवसांत उघड्यावर येतो. शेपटीखालची पांढरी पिसं फुलवून, पंख उथळ फडफडवत तो रानावरून फिरतो. हिरव्या रानावर तो पांढरा ठिपका लांबूनही नजरेत भरतो.

हद्द ठरली, जोडी जमली, की सर्पगरुड उंच झाडावर काटक्यांचं घरटं बांधतात. बरेचदा ओढ्या-नदीकाठच्या झाडावर. अंडं बहुधा एकच. मादी सुमारे ४१ दिवस ते उबवते. ती भक्ष्यासाठी गेली, की नर पहारा देतो. पिल्लू उडायला आणखी दोनेक महिने लागतात. अंडं गेलं तर जोडी काही आठवड्यांनी पुन्हा घालू शकते. पण झाडच गेलं तर?

नेमक्या याच महिन्यांत आपल्याकडे वणवे लागतात, कुऱ्हाडी चालतात. त्या झाडाची नोंद कुठल्याही तलाठ्याकडे गरुडाच्या नावावर नसते. तेव्हा ओढ्याकाठचं जुनं झाड तोडायला निघण्यापूर्वी दोन-चार सकाळी वर पाहा, कान द्या. शीळ ऐकू आली, तर त्या जागेला मालक आहे असं समजा.