आधी यंत्राला विचारा



मुलाने घरी बनविलेले चार पंख्यांचे ड्रोन पडले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला : ‘तू काय केलेस?’ कारखान्यात अपघात झाला की कामगारालाही हेच विचारतात. आमचे म्हणणे, आधी यंत्राला विचारा.

या ड्रोनचे दोन पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, दोन उलटे. म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. पाती अदलाबदल होऊन बसली, तर उडताक्षणी कोलांटी. पाते चिरले, तर थरथर होऊन तोल राखणारा सेन्सर फसतो. तारेचे सोल्डरिंग सुटले, तर एक पंखा थांबतो आणि उरलेल्या तिघांना भार सावरत नाही. जाणता मुलगा पाती उतरवूनच बॅटरी जोडतो, एकेक मोटार फिरवून पाहतो. फुगलेली बॅटरी बाजूला काढतो. पडण्याचे कारण सापडले, तरच ती दुरुस्ती. नाही तर नुसती जोडाजोड!

विमानविद्येने हे केव्हाच मानले आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे १३ वे परिशिष्ट सांगते की, चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते. दोष लादण्यासाठी नव्हे.

मग आपल्या छत्रपती संभाजीनगरात, वाळूज-चिकलठाण्याच्या प्रेसवर कुणाचे बोट तुटले, तर ‘निष्काळजीपणा’ हा एकच शेरा का पुरावा? संरक्षक जाळी जागेवर होती काय? सेन्सर चालू होता काय? पाळी किती तासांची होती? खेळण्याला मिळणारा न्याय माणसाच्या बोटांनाही मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.