जांभळी फीत

परमवीर चक्र हे नाव ऐकलं नाही असं घर आपल्या कोकणात सापडायचं नाही. पण ते दिसतं कसं, असं विचारलं तर पुष्कळ जण सोन्याचं असेल म्हणून सांगतात. ते काशाचं आहे. व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. मधोमध राजमुद्रा, तिच्या चार बाजूंना इंद्राचं वज्र, आणि वर पिकल्या जांभळाच्या रंगाची साधी फीत. २६ जानेवारी १९५० रोजी हा सन्मान सुरू झाला.

हे चक्र रेखाटलं एका खानोलकरांच्या सुनेनं. आम्हा कविता लिहिणाऱ्यांना खानोलकर म्हटलं की आरती प्रभूच आठवतात. आडनाव आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं, पण ही सून स्वित्झर्लंडची. न्यूशाटेल इथं १९१३ साली जन्मलेली ईव्ह, वडील हंगेरियन, आई रशियन. १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न झालं आणि त्या सावित्रीबाई झाल्या. मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या शौर्यपदकाचं काम त्यांच्यावर सोपवलं.

सिंह काढता आला असता, तलवार काढता आली असती. सावित्रीबाईंनी वज्र निवडलं. वृत्रासुराला मारायला ते शस्त्र हवं होतं आणि ते घडवायला दधीची ऋषींची हाडं लागणार होती. ऋषींनी देह दिला. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या धामापूरला, कीर्तनकार बुवांच्या तोंडून. कीर्तनाला बसलेल्या पोरांची जात तेव्हा कुणी विचारत नसे. बाकीच्या पोरांना वृत्रासुराचा वध आवडायचा. मला आपला प्रश्न पडायचा, दधीचींच्या घरी मागे काय झालं असेल?

आजवर हे चक्र एकवीस जणांना मिळालं. त्यांतले चौदा मरणोत्तर, म्हणजे चौदा जणांनी ते कधी पाहिलंच नाही. कुणाच्या बापानं घेतलं, कुणाच्या बायकोनं. पहिलं चक्र मेजर सोमनाथ शर्मांचं. हात प्लास्टरमध्ये असताना ते काश्मिरात बडगामला लढले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी पडले. हे सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंची मुलगी कुमुदिनी हिचे दीर. चक्र रेखाटणाऱ्या बाईंच्या व्याह्यांच्या घरीच पहिलं चक्र गेलं. कागदावर वज्र काढताना हे त्यांच्या मनात तरी आलं असेल का?

अब्दुल हमीद हे नाव तुम्हाला पाठ असेल. उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यातलं त्यांचं गाव धामूपूर. लहानपणी मला ते आपलंच धामापूर वाटायचं. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेनं त्यांनी एकामागून एक रणगाडे फोडले आणि १० तारखेला तिथंच गेले. आमच्यातले काही जण हे नाव ढालीसारखं पुढे धरतात; कुणी निष्ठेची शंका घेतली की ‘आमचे हमीद बघा’ म्हणतात. मला ते पटत नाही. ते तोफेपाशी बसले ते माझ्यासाठी प्रमाणपत्र मिळवायला नव्हे. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून चक्र घ्यायला त्यांच्या पत्नी रसूलन बीबी उभ्या होत्या. पुढची त्रेपन्न वर्षं, २०१९ पर्यंत, त्या चक्रासोबत जगल्या.

जिवंतपणी चक्र मिळालेले सात जण. त्यांतला एक आपल्या शेजारचा, कारवारजवळच्या चेंडियाचा. रामा राघोबा राणे. राणे आडनाव आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहे, पण या राण्यांचं नाव आपल्या पोरांना येत नाही, याचं मला नवल वाटतं. कदाचित त्यांच्या पराक्रमात कुणाला मारल्याची गोष्ट नाही म्हणून असेल. शूर म्हटलं की किती मारले, हे आपण आधी विचारतो.

राणे बॉम्बे सॅपर्सचे. रस्ते करणारे, पूल बांधणारे, सुरुंग काढणारे हे सैनिक. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली होती. वाटेत सुरुंग पेरलेले, रस्ते उखडलेले, आडवी झाडं टाकलेली, आणि वरच्या डोंगरांवरून मशीनगनचा मारा. ८ तारखेला कामाला हात घालतात तोच तोफगोळे पडले. राणेंची दोन माणसं ठार झाली, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी काम थांबवलं नाही. पुढे तर रणगाड्याच्या पोटाखाली, त्याच्या चाकांबरोबर सरपटत ते गेले. हातातल्या दोरीच्या खुणेवर वर बसलेला चालक गाडी थांबवी किंवा पुढे घेई. एका ठिकाणी पाइनची पाच मोठी झाडं रस्त्यावर आडवी होती, ती सुरुंगानं उडवली. ११ तारखेला सकाळी चिंगसपर्यंतची वाट मोकळी झाली, तरी त्या रात्री दहापर्यंत त्यांचं काम चालूच होतं. चार दिवस. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत पोचली, आणि तिथं अडकलेली किती माणसं त्या वाटेमुळे वाचली.

आपण कोकणातली माणसं. पावसात दरड कोसळली की रस्ता मोकळा करणाऱ्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलं. कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी २००६ पासून त्यांचा पुतळा आहे. आपल्या शाळांच्या सहली गोव्यापर्यंत जातातच. कारवार तिथून फार लांब नाही.