जिन्याचा कठडा कसा असावा?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला आठवणी सांगायला उभं केलंय, पण मी आज कठड्याबद्दल बोलणार आहे. आपल्या बॅचतर्फे शाळेच्या जिन्याला स्टीलचा कठडा द्यायचं ठरलं आहे. ग्रुपवर बहुमत झालं ते आरशासारख्या चकचकीत पाइपला. माझी विनंती आहे की, हा निर्णय बदलूया.

मी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करते, पण पदवी मेकॅनिकलची आहे. तरी हे शिकले ते पुस्तकात नाही, इस्लामपुरातल्या आमच्या घरीच. बाबांच्या गुडघ्यांसाठी आम्ही बाहेरच्या जिन्याला असाच चकचकीत कठडा बसवला. पहिल्याच पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके आले. आईने तारेच्या घासणीने घासले, तर ते वाढले. आणि एका पावसाळी सकाळी बाबांचा ओला हात त्या गुळगुळीत पाइपवरून सटकला. मनगट मोडलं. पाइपची निवड माझी होती. दुकानात चमक बघून मीच बोट दाखवलं होतं.

मग मी नीट समजून घेतलं. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, न दिसणारा थर तयार होतो. गंजापासून वाचवतो तो हाच थर. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. पण लोखंडाचे कण त्यावर रुतले, तर ते कण गंजतात आणि डाग पडतात. लोखंड कापलेल्याच चकतीने स्टील घासलं, किंवा आईसारखी तारेची घासणी वापरली, की हेच होतं.

आता फिनिश. कारखान्यातून पत्रा येतो तो साधारण करड्या, मंद रंगाचा. त्याला 2बी म्हणतात. पट्ट्याने एकाच दिशेने घासून बारीक रेषा आणल्या की नंबर 4, म्हणजे आपलं मॅट. बफ मारत मारत आरसा केला की नंबर 8. गंजाच्या बाबतीत आरसा वाईट नाही, उलट गुळगुळीत पृष्ठभागावर मळ कमी धरतो. अडचण वेगळीच आहे. त्यावर प्रत्येक बोटाचा ठसा आणि प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि तो जागेवर दुरुस्त करणं अवघड. मॅटवर ओरखडा पडला तर रेषेच्या दिशेने स्वच्छ नायलॉनच्या घासणीने घासून बराचसा मिटवता येतो. कर्कटकाने बाकांवर नावं कोरणारे आपणच होतो, हे विसरू नका!

मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ फोटोत सगळ्यांनी पाहिलं असेल. 168 स्टीलच्या पत्र्यांचा तो आरसा. त्याचा खालचा भाग माणसांना हाताने पुसून काढावा लागतो. आपल्या शाळेत कोण पुसणार? लॉस एंजेलिसच्या डिस्नी कॉन्सर्ट हॉलचे काही पत्रे इतके चकचकीत होते की शेजारच्या घरांवर ऊन परावर्तित होऊन लोक हैराण झाले. 2005 मध्ये ते पत्रे घासून मंद करावे लागले.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पाइप 304 चा घ्यायचा, बिलावर तसं लिहून घ्यायचं. स्वस्तातला 202 दिसायला तसाच असतो आणि लोहचुंबकानेही फरक कळत नाही. जाडी 38 ते 45 मिलिमीटर, म्हणजे मूठ नीट बसते. फिनिश मॅट. आर्गन वेल्डिंगनंतर सांध्यावर जो निळसर-पिवळा पट्टा राहतो, तो पिकलिंग पेस्टने साफ करून मगच पॉलिश करायचं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा, आणि लहान मुलांसाठी खाली आणखी एक पाइप.

शिपाईमामांना एवढंच सांगायचं की, फरशीचं ॲसिड कठड्याला लागू देऊ नका. साबणाचं पाणी आणि फडकं पुरे.

राहिली आपल्या नावांची पाटी. घरच्या भांड्यांवर नावं घालतो तशी बॅचची नावं कोरावीत, असं काहींचं म्हणणं आहे. कोरूया, पण पाटी भिंतीवर असू दे. कठड्यावर हात बसायला हवा. खर्च वाचला तर तो दुसऱ्या बाजूच्या कठड्याला लावू.

आज सकाळी बाई वर येताना पहिल्या पायरीशी थांबल्या आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला. आम्ही दोघी-तिघी धावलो, तर म्हणाल्या, “येते गं मी, हात सोडा.” पुढच्या मेळाव्याला त्यांना कुणाचाही हात न धरता वर येता आलं पाहिजे. एवढ्यासाठी जेवणाआधी पुन्हा एकदा हात वर करून मत द्या.