दादासाहेब आणि बाळकृष्णपंत : वऱ्हाडातील एक पितापुत्र



अमरावतीत ‘खापर्डे बगीचा’ हा पत्ता रिक्षावाल्याला सांगितला की तो बरोबर नेऊन सोडतो. पण खापर्डे कोण, असे त्या वस्तीतल्या दहा तरुणांना विचारले तर किती जण नीट सांगू शकतील, याची शंका आहे. काहींना शिर्डीचे खापर्डे ठाऊक असतात, काहींना लोकमान्यांचे. त्यांच्या ज्येष्ठ चिरंजीवांचे, बाळकृष्णपंतांचे, नाव मात्र फारसे कुणाच्या ओठी येत नाही. वास्तविक दादासाहेब आज मराठी वाचकाला जेवढे गवसतात, त्यातील मोठा वाटा या मुलाच्या लेखणीचा आहे.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातील इंग्रोळी गावचा. लोकमान्यांपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे. हे मुद्दाम सांगायचे ते अशासाठी की, वयाने वडील असून ज्यांनी आयुष्यभर धाकट्याचे नेतृत्व मानले, अशी माणसे सार्वजनिक जीवनात विरळा. मुंबईस बी. ए., १८८४ मध्ये एलएल. बी., पुढे वऱ्हाडात सरकारी न्यायखात्यातील नोकरी, आणि १८९० मध्ये ती सोडून अमरावतीत वकिली, असा त्यांचा पूर्वार्ध. वकिली जोरात चालली. संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींवर प्रभुत्व, बोलण्यात विनोद, हात सढळ. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणू लागले. त्या नावात थोडी थट्टा होती आणि पुष्कळ प्रेम होते.

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सर शंकरन् नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेत तुरुंगात होते. त्याच वर्षी पुण्याचे बाबा महाराज निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्राने टिळक व खापर्डे दोघेही विश्वस्त झाले. पुढचा ताईमहाराज प्रकरणाचा वनवास सर्वांना ठाऊक आहेच. १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेल्या दत्तविधानापासून १९१५ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत ते प्रकरण रेंगाळले. मित्रासाठी असे लचांड गळ्यात घेणे ज्याच्या घरी घडते, त्याच्या मुलांनाही त्याची झळ लागतेच.

खरी परीक्षा १९०८ ची. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर महिन्याच्या आत, चोपन्नाव्या वर्षी, दादासाहेब भरात असलेली वकिली बंद करून अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेस निघाले. ते परतले दोन वर्षांनी, १९१० मध्ये. प्रिव्ही कौन्सिलने दाद दिली नाही. परतताना ते ब्रह्मदेशमार्गे आले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटून मगच अमरावतीस पोचले. इतिहासाच्या पुस्तकात ही हकिकत दोन ओळींत आटोपते. पण एकट्या कर्त्या पुरुषाच्या मिळकतीवर चालणारे ते मोठे घर दोन वर्षे कसे चालले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. लक्ष्मीबाईंनी आणि मुलांनी तो काळ काढला. वडिलांची देशभक्ती मुलाने प्रथम ओळखली ती घरातल्या रिकाम्या खुर्चीवरून.

याच १९०८ चा एक धागा अकोला-शेगावकडेही जातो. दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात अकोल्याच्या शिवजयंती उत्सवाचे वर्णन आहे. सभेस टिळक आणि श्री गजानन महाराज दोघेही उपस्थित होते. पुढे टिळकांवर संकट आले तेव्हा दादासाहेबांनी कोल्हटकरांना शेगावी महाराजांकडे धाडले आणि महाराजांनी भाकरीचा प्रसाद दिला, अशी ती कथा. कायद्याची पुस्तके कोळून प्यायलेला हा वकील एकीकडे लंडनच्या न्यायपीठापर्यंत जातो आणि दुसरीकडे संतांच्या दारीही माणूस पाठवतो. त्यात त्याला विसंगती वाटत नव्हती. आजच्या काही पंडितांना ती वाटते, हा भाग निराळा.

विलायतेहून परतल्यावर महिन्याभरातच, डिसेंबर १९१० मध्ये, दादासाहेब प्रथम शिर्डीस गेले. बरोबर मुलगा होता. निघायचे ठरले तेव्हा साईबाबांनी विचारणा केली ती त्या मुलाकडे आणि परवानगी मिळाली असे समजून बापलेकांनी बांधाबांध केली. पण निघणे काही त्या दिवशी झाले नाही. दादासाहेबांच्या डायरीत ही नोंद आहे. लोकमान्यांचा उजवा हात मानला गेलेला हा पुढारी तेथे परवानगीची वाट पाहणारा एक साधा यात्रेकरू होता, आणि मुलगा ते पाहत होता.

पुढल्या वर्षी डिसेंबरात ते पुन्हा गेले आणि मार्च १९१२ पर्यंत राहिले. सरकारचा डोळा त्यांच्यावर होता आणि हा दीर्घ मुक्काम त्यांच्या बचावाचा ठरला, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. पंचदशी सहज उलगडून सांगणारा हा वक्ता मशिदीत मात्र चकार शब्द बोलत नसे, असे ‘श्रीसाईसच्चरित’ सांगते. धाकट्या मुलाला ग्रंथिज्वराने गाठले तेव्हा घाबरलेल्या आईने अमरावतीस परतायची परवानगी मागितली आणि बाबांनी कफनी वर करून स्वतःच्या अंगावरच्या गाठी दाखवल्या, ही कथाही त्याच ग्रंथातील. श्रद्धेचा विषय ज्याने त्याने आपल्या परीने पाहावा. पोटच्या पोरावर प्लेगाची सावली पडली तेव्हाचा त्या घराचा जीव कसा टांगणीला लागला असेल, हे समजायला मात्र श्रद्धाही लागत नाही.

आता थोडे अवघड प्रकरण. दादासाहेब केंद्रीय विधिमंडळात गेले. १९१९ मध्ये रौलट विधेयकांना तेथे विरोध करणाऱ्यांत ते होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यानंतर गांधीजींच्या असहकाराशी दादासाहेबांचे जुळले नाही. कायदेमंडळांवर बहिष्काराची लाट असताना ते राज्यसभेत, म्हणजे त्या वेळच्या ‘कौन्सिल ऑफ स्टेट’मध्ये, जाऊन बसले. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा आपण अर्थ लावतो तोच खरा, अशी त्यांची धारणा. वऱ्हाडात हा विचार एकाकी नव्हता. यवतमाळचे लोकनायक अणे, नागपूरचे डॉ. मुंजे, पुण्याचे केळकर हे त्याच वाटेचे. १९२६ च्या फेब्रुवारीत या मंडळींच्या पक्षाची उभारणी झाली ती अकोल्याच्याच बैठकीत. पण जनतेचा ओघ दुसरीकडे वाहत होता. ज्यांच्या स्वागताला एकेकाळी गाव लोटत असे, ते हळूहळू बाजूला पडले.

मुलाने वडिलांची ही वाट सोडली नाही. तेही मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजकारणात उतरले, मंत्री झाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने प्रारंभी अधिकारग्रहण नाकारले तेव्हा एप्रिलमध्ये ई. राघवेंद्रराव यांचे अल्पायुषी मंत्रिमंडळ आले. त्यातही बाळकृष्णपंत होते. जुलैत ते मंत्रिमंडळ गेले. बहुमत पाठीशी नसलेल्या मंत्रिपदाचे समर्थन करणे सोपे नाही, आणि येथे ते करण्याचे कारणही नाही. विजेत्यांनी लिहिलेल्या इतिहासात अशा माणसांना एक तुच्छतादर्शक विशेषण मिळते आणि त्यांची फाईल बंद होते. वर्षभरात, १ जुलै १९३८ रोजी, दादासाहेबांनी देह ठेवला. मुलाचे पद गेलेले, वडिलांचा काळ सरलेला.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९६२ मध्ये, ‘श्री. दादासाहेब खापर्डे यांचे चरित्र’ प्रसिद्ध झाले. लेखक बाळकृष्ण गणेश खापर्डे. स्वतः वार्धक्यात पोचलेल्या मुलाने लिहिलेले वडिलांचे चरित्र. त्या सुमारास टिळकांच्या अनुयायांविषयी लिहिणे काही लाभाचे नव्हते. टिळक सर्वांचे झाले होते. त्यांच्यानंतर वेगळा मार्ग धरणारे त्यांचे सोबती कुणाचेच उरले नव्हते. मुलाने ते काम अंगावर घेतले नसते तर दुसऱ्या कुणी घेतले असते, असे मानायला आधार नाही.

मुलाने लिहिलेल्या चरित्राकडे वाचकाने सावधपणे पाहावे, हे खरेच. पण याही बाबतीत दादासाहेब भाग्यवान, कारण त्यांच्यासंबंधी सर्वांत मोठा साक्षीदार त्यांनी स्वतःच मागे ठेवला होता. वर्षानुवर्षे, जवळजवळ नित्यनेमाने, ते इंग्रजीत डायरी लिहीत. कोण आले, काय बोलणे झाले, काय वाचले, प्रकृती कशी होती, सारे थोडक्यात आणि अलंकाराविना. मुलाच्या प्रेमाने कोठे रंग गडद केला असेल तर ताडून पाहण्याची सोय वडिलांच्याच हाताने झालेली आहे. असा योग चरित्रकारांच्या वाट्याला क्वचित येतो.

या डायऱ्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतली शिर्डीची पाने स्वतंत्र पुस्तकरूपाने भक्तांच्या घरोघरी पोचली आहेत. उरलेल्या पानांत जुनी अमरावती आहे, वऱ्हाडचे वकील आणि जमीनदार आहेत, टिळकांच्या भेटी आहेत, विलायतेतली दोन वर्षे आहेत. अमरावतीला विद्यापीठ आहे, इतिहासाचे विभाग आहेत. दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधणारी मुलेमुली आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी एक उन्हाळा दिल्लीत काढावा, १९०८ ते १९१० ची पाने उतरवून आणावीत आणि शेजारी बाळकृष्णपंतांचे पुस्तक उघडे ठेवून ती वाचावीत.