घर आणि गल्ला यांमधील उंबरठा

(व्यापारी व लघुउद्योजक कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपण श्रद्धेने वहीपूजन करतो. चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो, 'शुभ-लाभ' लिहितो. परंतु दुसऱ्याच दिवसापासून गल्ल्यातून दुधाचे पैसे जातात, मुलांच्या शिकवणीचे जातात, लग्नाचा आहेर जातो आणि यांपैकी कशाचीही त्या वहीत नोंद होत नाही. वर्षअखेरीस आपण विचारतो, "एवढी विक्री झाली, मग पैसा गेला कुठे?" तो धंद्यात बुडाला की घरात खर्च झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आज एकच आग्रह धरायचा आहे. घर आणि गल्ला यांमध्ये उंबरठा असला पाहिजे.

हा विचार परक्यांकडून उसना घेतलेला नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त अक्षपटलाची, म्हणजे हिशेब कार्यालयाची, सविस्तर व्यवस्था आहे. आषाढी पौर्णिमेस हिशेबनिसांनी मुद्रांकित वह्या घेऊन उपस्थित व्हावे, असा दंडक तेथे आहे. राज्याला जी शिस्त आवश्यक, ती कुटुंबाला अनावश्यक कशी ठरेल?

दुकानाचे आणि घराचे बँक खाते वेगळे ठेवा. दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाचे मासिक वेतन ठरवा. वहिनी हिशेब लिहीत असतील, तर त्यांचेही ठरवा. असे समजा, दोन भावांच्या दुकानात दरमहा 60 हजार रुपये उरतात. हेच भाऊ अन्यत्र नोकरीस असते, तर प्रत्येकी 25 हजार मिळाले असते. दुकानाचा गाळा स्वतःचा आहे, तो भाड्याने दिला असता तर 15 हजार आले असते. म्हणजे ज्याला आपण 60 हजारांचा नफा समजतो, तो वस्तुतः 5 हजारांचा तोटा आहे! हे कळल्यावर दुकान बंदच करावे असे नाही. पण कोणता माल ठेवावा, उधारी किती द्यावी, याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

घराच्या किमान सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवावी आणि ती मालात गुंतवू नये. बँक ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. पतसंस्थांमधील ठेवींना हे संरक्षण नाही. दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहाने आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

आता एक अप्रिय विषय. एकट्याच्या मालकीचा धंदा असो वा 1932च्या कायद्याखालील भागीदारी, तिच्या कर्जासाठी आपली खासगी मालमत्ताही उत्तरदायी असते. भागीदारी करारात अन्यथा लिहिलेले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर ती संस्था विसर्जित होते. दुःखाच्या त्या दिवसांत भाऊ, पुतणे आणि वहिनी यांना कागद शोधत बसावे लागते, आणि जे प्रेमाने जोडले होते ते संशयाने तुटते. म्हणून करार लेखी करा, इच्छापत्र करा. 2005च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत कन्येलाही पुत्राइतकाच जन्मसिद्ध अधिकार मिळाला आहे, याचे भान ठेवा.

आणखी एक उपाय फार थोड्यांना ठाऊक असतो. विवाहित पुरुषाने 1874च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पत्नी व अपत्यांसाठी स्वतःचा आयुर्विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. धनकोंना फसविण्याचा हेतू नसेल, तर धंद्याच्या कर्जापोटी त्या रकमेवर हात टाकता येत नाही. मात्र विमा घेतानाच तशी नोंद करावी लागते.

शेवटी एक विनंती. महिन्यातून एक सायंकाळ सर्वांनी एकत्र बसावे. भोजनानंतर घराची व दुकानाची, दोन्ही वह्या समोर ठेवाव्यात. येणे किती, देणे किती, विम्याचे कागद कोठे आहेत, हे गृहिणीला आणि जाणत्या मुलामुलींना ठाऊक असावे. आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले आहे, त्याला धर्माची मर्यादा घातली आहे. लपवाछपवी नसलेला हिशेब हे त्या मर्यादेचे पहिले पाऊल होय. अशी कुटुंबे ज्या समाजात असतात, त्या समाजाला संकटकाळी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. येत्या पहिल्या तारखेपासूनच आरंभ करू या.