चित्रकाराची खोली आणि आपली भिंत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला 'कला आणि श्रद्धा' या विषयावर बोलायला सांगितलं. मी पडलो गिरणी कामगार. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. सांभाळून घ्या.

मागच्या चाळीतली आपली एक मुलगी चित्रं काढते. दहा बाय दहाची खोली, खाली आईचं शिलाई मशीन, पोटमाळ्यावर ती आणि तिचे रंग. लोक त्याला हसत हसत स्टुडिओ म्हणतात. मध्ये तिला बिअर बारच्या भिंतीचं काम आलं होतं. पैसा चांगला होता; तिनं नाही म्हटलं. सम्यक आजीव आपण वंदनेनंतर ऐकतो आणि घरी जातो. या पोरीनं तो हिशोबात धरला.

त्याच माळ्यावर वादाचं चित्र आहे. भगवान बुद्ध चालताहेत, टाचांना भेगा पडल्यात, प्रभावळ नाही. काही वडीलधाऱ्यांना ही विटंबना वाटली. म्हणून विहाराची भिंत तिला न देता छापील फ्लेक्स लावावा, असं घाटतंय. मला बोलायचंय ते यावर.

तथागत ४५ वर्षे गावोगाव पायी फिरले. अशा माणसाच्या टाचा गुळगुळीत असतील का हो? आणि रूपाचंच म्हणाल, तर अजिंठ्याची ९ आणि १० क्रमांकाची लेणी कोरली, तेव्हा तिथे वंदना स्तूपाला होती, मूर्तीला नव्हे. मूर्ती जागोजाग दिसते ती पाचव्या शतकातल्या, वाकाटक काळातल्या लेण्यांत. श्रद्धा आधीपासून होती, रूप कारागिरांनी पुढे घडवलं.

हे कारागीर कोण? सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. कार्ल्याच्या चैत्याला राजेरजवाड्यांचे दानलेख आहेत, तसंच धेनुकाकटच्या एका सुताराचं आणि एका गंध विकणाऱ्याचंही नाव आहे.

मला हे फार लागतं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, तो बाटेल म्हणून. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्यांच्या ओठांचा धागा चालत नव्हता त्यांची पणती आज बुद्ध रंगवते, आणि तिला भिंतीला हात लावू नको म्हणायचं आपण?

तिचं सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. त्या चित्रातला डावा हात मला लांब वाटला, तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, काका, पुन्हा बघते. तुम्हीही जा, माळ्यावर चढा, विचारा. पारखून घ्या, हे तर तथागतांनीच कालामांना सांगितलं. फ्लेक्सला काय विचारणार? दोन पावसाळ्यांत त्याच्या चिंध्या होतात.

आता कामाचं. अजिंठ्यात आधी माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा हात दिला, मग गेरू, काजळीसारखे रंग चढले. आपल्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे, वरची पन्हळ गळते. आधी पन्हळ दुरुस्त करू, पावसाळ्यानंतर भिंत नीट सुकू देऊ, मगच तिच्या हाती ब्रश देऊ. गिलाव्याच्या मजुरीतली निम्मी रक्कम माझ्या नावावर लिहा. उरलेल्या निम्म्याची वही खजिनदारांकडे आहे, जाताना तिथून जा.

जयभीम. नमो बुद्धाय.